वाघाटी आहे, काळजी नको

माझ्याइतक्या शिव्या आमच्या पंचक्रोशीत फक्त वायरमनने खाल्ल्या असतील. त्याला निदान पगार तरी मिळतो. मी रिटायर झालेला गुरांचा डॉक्टर. डॉक्टर म्हणजे तसा डॉक्टर नव्हे, सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, पण हातात सिरिंज असली की गाव डॉक्टरच म्हणतं. आमचं गाव संगमनेर तालुक्यातलं, कालव्याखालचं. चहूकडे ऊस, उसात बिबटे, आणि त्या बिबट्यांच्या बाजूने चार शब्द बोलणारा गावात मी एकटा. म्हणून माझं दुसरं नाव 'बिबट्याचा मामा'. समोर डॉक्टर म्हणतात, पाठ फिरली की मामा. आता आता समोरही मामाच म्हणायला लागलेत.

हे लचांड मागे लागलं ते एका विहिरीमुळे. पंधराएक वर्षं झाली असतील. एका मळ्यातल्या विहिरीत बिबट्या पडला आणि जवळपास दुसरा कुणी गुरांचा डॉक्टर नव्हता म्हणून वनखात्याच्या गार्डने मला बोलावलं. बाजेला चार दोर बांधून खाली सोडली. तो तिच्यावर चढून बसला, आम्ही वर ओढला, काठ हाताशी येताच त्याने उडी मारली आणि उसात पळाला. मला काहीच करावं लागलं नाही. पण तेव्हापासून कुठं काही झालं की 'बोलवा डॉक्टरला'. मीही जात राहिलो. बायको म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत तुम्ही." त्या वेळी मी हसलो होतो. आता हसायला येत नाही.

मला बिबट्याचं प्रेम वगैरे काही नाही, हे एकदा सांगून टाकतो. लोकांना वाटतं मी त्याची पूजा करतो. अरे, मलाही दोन गाई आहेत, मलाही पहाटे गोठ्यात जाताना पाठीत थंडी वाजते. पण पंधरा वर्षं जे डोळ्यांनी बघितलं ते नाही कसं म्हणू? एक धरून लांब नेऊन सोडला की थोड्या दिवसांत त्याच्या जागेवर दुसरा येतो, आणि नवा असतो तो जास्त बिथरलेला असतो. यांच्या दोन-चार पिढ्या उसातच जन्मल्या. त्यांना डोंगर माहीत नाही, जंगल माहीत नाही. त्यांचं माहेर म्हणजे आपलाच उसाचा फड.

म्हणून तोडणीच्या हंगामात एकच काम मी नेमाने करत आलो. ऊस तोडता तोडता शेवटच्या पट्ट्यात पिल्लं सापडतात. ती जिथं सापडली तिथंच टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवायची आणि माणसं लांब करायची. दिवेलागणीच्या सुमारास आई येते, मानगूट धरून एकेक पिल्लू घेऊन जाते, आणि गाव झोपायला मोकळं होतं. पिल्लं नाही मिळाली तर ती तिथंच घिरट्या घालते. मग माणसाचं काही खरं नाही. एवढी साधी गोष्ट. पण दर हंगामात ती नव्याने सांगावी लागते, आणि दर हंगामात कुणीतरी म्हणतंच, "मामा, तुझ्या घरी ने ना मग!"

त्यात आणखी एक घोळ आहे, तो वाघाटीचा. वाघाटी म्हणजे रानातली एक चिमुकली मांजर. आपल्या घरच्या मांजरापेक्षाही लहान, अंगावर तांबूस ठिपके. तीही उसातच विते. तिची पिल्लं दिसली की ठिपके बघून माणसांची पाचावर धारण बसते. "डॉक्टर, बिबट्याची पिल्लं घावली!" मी गाडी काढून दोन-तीन गावं पलीकडे जावं, तर तळहातावर मावतील एवढाली वाघाटीची पिल्लं. पूर्वी असं होई. मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, तशी मी युक्ती काढली. फोटो पाठवा म्हणालो. पंजा दिसू द्या, शेजारी काडेपेटी ठेवा, मग मी सांगतो. किती खेपा वाचल्या! मला माझ्या या युक्तीचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या दोन वर्षांत मात्र सगळंच बिघडत गेलं. बिबटे वाढले, माणसांवरचे हल्ले वाढले, आसपासच्या तालुक्यांतून वाईट बातम्या यायला लागल्या. आमच्या गावातल्या एका बागायतदाराच्या दोन कालवडी गेल्या. पंचनाम्याला मीच होतो. दुसरी कालवड गाभण होती, आणि तो एवढा आडदांड माणूस तिच्यापाशी उकिडवा बसून राहिला होता. त्याचं दुःख काही खोटं नव्हतं. पण तेव्हापासून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने माझा पिच्छाच धरला. सकाळी शुभ प्रभात, आणि त्याखाली मी. 'आधी मामाला पिंजऱ्यात घाला, मग बिबट्याला.' त्याखाली हसणारी तोंडं, वीस-पंचवीस. त्यात माझा सख्खा पुतण्या.

लोक गाईला इंजेक्शन द्यायला दुसऱ्या गावातून माणूस आणायला लागले. डेअरीवर मी गेलो की बोलणं थांबायचं. बायको म्हणायची, "सोडून द्या ना. तुम्ही नाही गेलात म्हणून काय बिबट्याचा वंश बुडणार आहे?" मी म्हणायचो, हा हंगाम झाला की सोडतो. असे दोन हंगाम गेले. थकलो होतो, पण मी नाही गेलो तर पिल्लं दगडाखाली जाणार हे माहीत होतं, म्हणून जात होतो. दुसरं काही उदात्त कारण नाही.

एकच घर असं होतं जिथं मला अजून चहा मिळायचा. आमच्या शेताच्या बांधाला बांध लागून एक वहिनी राहते. नवरा टेम्पोवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. पाच गाई, दोन एकर ऊस, सगळं ती एकटी बघते. लोक मला नावं ठेवायला लागले की ती सरळ म्हणायची, "त्येला कळतंय त्यातलं. तुमाला कळतं का?" बाकी काही नाही. पण एवढ्या एका वाक्यावर माझे चार दिवस निघायचे.

तर यंदाच्या तोडणीत, मी मुलीकडे राहात्याला गेलो होतो. नातीचं बारसं होतं. सकाळी ग्रुपवर नेहमीचा अभिषेक झाला होता, त्या दिवशी जरा जास्तच, कुणीतरी माझा फोटो बिबट्याच्या धडाला चिकटवला होता. जावयाच्या भावाने तो मला दाखवला, गंमत म्हणून. मी हसलो. दुपारी जेवायला बसलो आणि वहिनीचा मेसेज आला. घमेल्यात दोन पिल्लं. खाली तिचा आवाज, "डॉक्टर, आमच्या फडात घावलीत. बगा बरं."

मी पाहिला तो फोटो. पाहिला म्हणजे नजरेखालून घातला. त्या हंगामातला तो कितवा फोटो होता कुणास ठाऊक. पंजा दिसत नव्हता, काडेपेटी नव्हती. माझेच नियम, पण मी ते विचारलंसुद्धा नाही. पुरणपोळीच्या हाताने, एका बोटाने लिहिलं : 'वाघाटी आहे, काळजी नको. तिथंच ठेवा.'

तिचा लगेच आवाज आला, "तिथं कुठं? फड झाला, आता पाचट पेटवनार हायती."

मी लिहिलं : 'मग घरी न्या. गोठ्यात टोपलीखाली झाका. संध्याकाळी बांधावर सोडा, मांजर येऊन नेईल.'

आणि मी दुसरी पोळी वाढून घेतली.

काडेपेटी नव्हती, पण घमेलं होतं की! घमेल्याचं माप आंधळ्याला कळलं असतं. वाघाटीची पिल्लं घमेल्यात दोन लिंबांएवढी दिसतात. त्या दोघांनी निम्मं घमेलं भरलं होतं. आजही तो फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि आज तो बघताना मला एका क्षणात कळतं. तेव्हा बघायचंच नव्हतं मला. मला जेवायचं होतं.

सात वाजता गार्डचा फोन आला. वहिनी धारा काढायला गोठ्यात गेली तेव्हा मादी टोपलीपाशी होती. दोघींमध्ये दार एकच. वहिनी दारात उभी, हातात बादली. मादीने झेप घेतली, खांदा आणि दंड फाडला. वहिनीने बादली तिच्या तोंडावर हाणली. मादी एक पिल्लू तोंडात धरून निघून गेली, दुसरं टोपलीखालीच राहिलं. शेजाऱ्यांनी वहिनीला संगमनेरला दवाखान्यात नेलं होतं.

मी कसा निघालो, वाटेत काय केलं, काही आठवत नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा आत टाके घालत होते. तिचा नवरा वाटेतूनच टेम्पो वळवून आला होता, बाकावर बसला होता. मला म्हणाला, "डॉक्टर, पिल्लं गोठ्यात ठेवायची अक्कल हिला कुनी दिली म्हनून इचारलं, तर म्हनती, माझी मीच ठिवली."

मी त्याच्या शेजारी बसलो. तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ उघडलं होतं. म्हणालो, "चहा आणू का?" असा मी.

रात्री गार्डने सांगितलं ते ऐकून उरलीसुरली झोप गेली. गाव खवळलं होतं. उरलेलं पिल्लू वनखात्याच्या ताब्यात होतं आणि गावाची मागणी अशी, की तेच पिल्लू पिंजऱ्यात आमिष म्हणून ठेवा, मादी आली की धरा आणि कायमची आत टाका. घरात घुसून बाईला फाडते म्हणजे ती नरभक्षकच. सकाळी देवळात बैठक, तिथं ठराव करून साहेबांना द्यायचा. गार्ड म्हणाला, "ती आपनहून घरात घुसली असं लिहून गेलं, तर वरची मानसं दुसरं काय करणार? पिल्लं तिथं कशी आली हे कुनी सांगितलं तर गोष्ट येगळी. पण बाई म्हनतात, मीच नेली. का नेली, ते सांगत नाहीत."

म्हणजे सगळं माझ्यावर येऊन ठेपलं. गप्प बसलो तर ती मादी जन्मभर गजाआड, आणि तिचं काय चुकलं होतं? आपली पिल्लं न्यायला आली होती. बोललो तर पंधरा वर्षांची माझी जी काही पत होती ती संपली. ज्याला बिबट्या आणि वाघाटी ओळखता येत नाही, त्याचं यापुढे कोण ऐकणार? उद्या कुठं पिल्लं सापडली आणि मी म्हणालो की ठेवा कॅरेटमध्ये, तर लोक माझ्यासमोर दगड घालतील. मी स्वतःला समजावत होतो की गप्प बसणं बिबट्यांच्याच हिताचं आहे. माणूस स्वतःला काय काय समजावतो! बायकोने दिवा लावला आणि म्हणाली, "काय ते सांगून टाका मला." सांगितलं. ती उठून बसली. मग म्हणाली, "मी तुम्हाला इतके दिवस सोडा म्हणत होते. पण हे असं करून नका सोडू."

देवळाचा सभामंडप भरला होता. एवढी माणसं भंडाऱ्याला येतात. मी गेलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आले मामा, भाचीचा जामीन द्यायला." हशा पिकला. बागायतदार बोलायला उभा होता. "ह्यो मानूस आपल्याला शिकवतोय, पिल्लं आईला द्या, आईला द्या. घ्या, आली आई घरात! आता बोला की."

मी उठलो. भाषण वगैरे जमण्यातलं नव्हतं, म्हणून मोबाईल काढला आणि चष्मा लावून मेसेज वाचून दाखवले. आधी तिचे, मग माझे. 'वाघाटी आहे, काळजी नको.' 'गोठ्यात टोपलीखाली झाका.' मग म्हणालो, "ती मादी घरात घुसली नाही. मी तिची पिल्लं घरात नेऊन ठेवायला लावली. मी फोटो नीट बघितला नाही. राहात्याला बसून उंटावरून शेळ्या हाकल्या मी. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, पण ठरावात तिच्या नावावर हे लिहू नका."

मला वाटलं, आता चपला येतील. तयारी होती माझी. पण कुणी ओरडलं नाही. माझा पुतण्या खाली फरशीकडे बघत होता. मग तो बागायतदार, जो दोन वर्षं मला रोज सकाळी सोलून काढत होता, तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच त्याला फसवलं.

"डॉक्टर," तो म्हणाला. किती दिवसांनी डॉक्टर म्हणाला! "तुमालाच वळखू आलं न्हाई, तर मग आमी आता इचारायचं कुनाला?"

त्याने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. म्हणूनच ते लागलं. एवढ्या शिव्या पचवल्या, पण या प्रश्नाने मला मान वर करता येईना. मी म्हणालो, "माहीत नाही."

पुढे बरीच बाचाबाची झाली, ती सगळी सांगण्यात अर्थ नाही. शेवटी गावाने एक संध्याकाळ दिली. बिबट्याच्या मायेपोटी नव्हे. पिल्लू इथं राहिलं तर आई इथंच फिरणार, हे माझं जुनं म्हणणं बहुतेकांना पाठ झालं होतं, आणि घरोघरी लहान मुलं होती. माझ्यावर विश्वास नव्हता, पण ऐकून ऐकून ते वाक्य त्यांचंच झालं होतं. ठरलं असं, की आजच्या संध्याकाळी नेलं नाही तर उद्या पिंजरा.

उजेड होता तोवर कॅरेट वहिनीच्या बांधावर ठेवलं, तिथून फड सुरू व्हायचा. पिल्लू चांगलं धष्टपुष्ट होतं, पंजे जाडजूड, गुरगुरायला बघत होतं आणि आवाज फुटत नव्हता. मी आणि गार्ड जीपमध्ये काचा लावून बसलो. कालव्यापलीकडच्या देवळातली आरती संपली आणि ती आली. घाई नव्हती तिला. कॅरेटभोवती एक फेरी मारली, पुढचे पाय आत टाकले, पिल्लू उचललं आणि पलीकडच्या खोडव्याच्या उसात शिरली. गार्डने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. एरवी अशा वेळी मला फार बरं वाटतं. त्या दिवशी काही वाटलं नाही, नुसती झोप आली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. वहिनी उठून बसली होती, खांद्यापासून कोपरापर्यंत पट्टी. नवरा डबा आणायला गेला होता. मला बघितलं आणि म्हणाली, "चव्हाट्यावर सांगून आलात म्हनं. मी एवढं झाकून ठिवलं, आन् तुमी गेलात वाजवून."

"का झाकलंत तुम्ही?"

"का म्हंजे? तुमचं नाव घेतलं असतं तर तुमाला कुनी उभं केलं असतं का दारात? मग त्या जनावराचं कोन बोललं असतं? दुसरं हाय का कोन?"

मी सांगितलं की पिल्लू गेलं आईकडे. तिने मान हलवली. "बरं झालं बाई," एवढंच म्हणाली. मला बोलायचं होतं ते मी वाटेत चार वेळा घोकून आलो होतो, तरी धड जमलं नाही.

"वहिनी, चुकलं माझं. फोटो नीट बघायला पाहिजे होता मी."

"फोटोचं काय घेऊन बसलात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसती दमलेली होती. "वाघाटीची पिल्लं म्या काय कदी बगितली न्हाईत व्हय? उचलली तवाच हाताला जड लागली. तुमी वाघाटी म्हनलात म्हनून घरी नेली. हे काय हाय ते इचारायला फोटो पाठिवला नव्हता, डॉक्टर. तुमी यावं म्हनून पाठिवला हुता."

मी तिच्या पायाशी स्टुलावर बसलो होतो. राहात्याहून आमचं गाव तासाभराच्या वाटेवर आहे.